दाबले की दाबलेलेच राहणारे बटण
(विद्युत विभागातील एका जुन्या कामगाराकडून)



गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्यावर दिवस-रात्र हा भेदच उरत नाही, हे आपण सर्व जण जाणताच. रात्री दोन वाजताही काट्यावर गाड्यांची रांग असते, गव्हाणीत मोळ्या पडत असतात, यार्डात बैलांच्या घुंगरांचा आणि ट्रॅक्टरच्या टेपचा आवाज एकत्र ऐकू येतो. एवढ्या गजबजाटात कुणी एकटा असेल असे वाटत नाही. पण नीट पाहिले तर एकटी माणसे पुष्कळ आहेत. काट्याच्या खोलीत वजन घेणारा कारकून एकटा आहे. डिझेल पंपावर गल्ला सांभाळणारा एकटा आहे. साखर गोदामाच्या मागच्या दारावरचा वॉचमन एकटा आहे. सांडपाण्याच्या टाकीवर पाळी करणारा तर कारखान्यापासून इतका लांब, की त्याने हाक मारली तरी मिलच्या घरघरीत ती विरून जावी.

अशा माणसावर प्रसंग आला तर त्याने काय करावे? फोन करावा, असे कुणीही म्हणेल. पण समोर चार माणसे अंगावर आली असता खिशातून फोन काढणे, नंबर शोधणे, बोलणे हे होत नाही. म्हणून धोक्याचे बटण बसवतात. एक बोट लावले की निरोप पोचला पाहिजे, एवढाच त्याचा उद्देश.

आता तुम्ही म्हणाल, हे कारखान्याचे काम झाले, आम्हा ऊसवाल्यांना याचे काय? तर, तुमच्यापैकी कितीतरी जण गावच्या विकास सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत संचालक आहात. तिथेही संध्याकाळी गल्ला मोजणारा माणूस एकटाच बसतो. एखाद्या दिवशी विक्रेता येतो, चकचकीत पुस्तिका उघडतो, दरपत्रक टेबलावर ठेवतो आणि तुम्हाला हो किंवा नाही म्हणावे लागते. त्या वेळी काय विचारावे, हे ठाऊक असावे म्हणून हा लेख. आणि दुसरे कारण असे की, या बाबतीत एक मोठी चूक मी स्वतःच केलेली आहे. ती आधी सांगतो.

माझी चूक

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या पतसंस्थेने मला बोलावले. नाव सांगत नाही, कारण चूक संस्थेची नव्हे, माझी होती. "तुम्ही कारखान्यात वायरमन आहात, आमच्या रोखपालाच्या टेबलाखाली एक बटण लावून द्या," असे अध्यक्ष म्हणाले. मी बाजारातून घराच्या दाराला लावतात तसले साधे बेलचे बटण आणले, मागच्या खोलीत घंटा टांगली, तार ओढली आणि संध्याकाळी चहा पिऊन घरी आलो. खर्चही फार नाही, म्हणून सगळे खूश.

पुढे एके दिवशी बंद होण्याच्या वेळेला दोघे जण आत आले. एकाने दार लोटले, दुसरा काउंटरवर आला. रोखपालांनी टेबलाखाली बटण दाबले. पण "हात वर," असे त्या माणसाने दरडावताच त्यांचा हात वर गेला. बोट निघाले तशी घंटाही थांबली. मागच्या खोलीत फक्त एकदा 'ट्रिंग' झाले. शिपाईमामांना वाटले, साहेबांनी चहासाठी बोलावले. त्यांनी शांतपणे स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि ट्रे घेऊन पुढे आले तोवर पिशवी घेऊन दोघेही पसार झालेले. रोखपालांच्या डोक्याला मार लागला होता.

पैसे पुढे विम्यातून मिळाले. पण ते रोखपाल पुन्हा त्या खुर्चीत बसले नाहीत. राजीनामा देऊन शेती करू लागले. मला भेटले की अजून हसून बोलतात, एका शब्दाने दोष देत नाहीत. मला मात्र तो चहाचा ट्रे आठवतो.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात तसे मी त्यानंतर या विषयाचा अभ्यास केला. माझ्या घंटेत बिघाड काहीच नव्हता. तार चांगली, बटण चांगले, घंटाही चांगली. चूक एकच. बोट सुटले की निरोपही सुटत होता.

खिट्टीचे बटण म्हणजे काय

बटणे दोन जातींची. एक, बोट आहे तोवरच काम करणारे. बोट काढले की स्प्रिंगने परत वर येणारे. दाराची बेल ही त्यातली. दुसरे, एकदा दाबले की आत खिट्टी पडून दाबलेलेच राहणारे. दुकानदार याला 'लॅचिंग' म्हणतात. हे आपोआप वर येत नाही. कुणीतरी जवळ जाऊन ते मुद्दाम सोडवावे लागते.

आपल्यापैकी ज्यांनी गव्हाण जवळून पाहिली आहे त्यांनी हे बटण पाहिलेलेच असेल. पिवळ्या पाट्यावर लाल रंगाचे, अळंबीच्या टोपीसारखे मोठे डोके असलेले. गव्हाणीत मोळी अडकली, माणूस तोल जाऊन पडला, तर कुणीही त्यावर थाप मारावी. गव्हाण थांबते आणि बटण आतच राहते. जोवर ते फिरवून सोडवत नाही तोवर दुसऱ्या कुणी चुकून गव्हाण चालू करू म्हटले तरी होत नाही. आणि नुसते सोडवल्यानेही गव्हाण चालू होता कामा नये. चालू करण्याचे बटण वेगळेच दाबावे लागले पाहिजे. १९४८ सालच्या फॅक्टरी कायद्याच्या २४ व्या कलमातच, चालू यंत्राची वीज संकटकाळी तोडण्याची योग्य साधने प्रत्येक कामाच्या दालनात असावीत, असे म्हटले होते. तेव्हा ही काही नवी चैन नव्हे.

कल्पनाही जुनीच आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली विजेच्या चोर-घंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की घंटा वाजे. त्यातली खुबी अशी की, चोराने घाबरून दार पुन्हा लावून घेतले तरी घंटा थांबत नसे. म्हणजे एकदा गेलेला निरोप चोराला परत घेता येत नव्हता. त्या माणसाला १८५३ साली जे सुचले ते मला पतसंस्थेत सुचले नाही.

खिट्टीचे फायदे तीन. पहिला, बोट धरून ठेवावे लागत नाही. क्षणभर संधी मिळाली तरी पुरे. दुसरा, कोणते बटण दाबले गेले हे नंतर डोळ्यांनी दिसते, वादाला जागा राहत नाही. तिसरा सर्वांत मोठा. ते सोडवायला माणसाने प्रत्यक्ष त्या जागी यावेच लागते. गेटवर बसून "वाजतंय वाटतं, थांबेल आपोआप" असे म्हणता येत नाही. ते थांबतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काही चांगल्या अलार्म पेट्यांमध्ये ही धरून ठेवण्याची सोय पेटीतच असते. तिथे साधे बटण लावले तरी पेटी निरोप विसरत नाही. पण नुसती घंटा आणि नुसते बटण असेल, तर खिट्टी बटणातच हवी. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "बोट काढल्यावर काय होते, ते दाखवा." तोंडी उत्तर घेऊ नका. समोर दाबून, बोट काढून पाहा.

सोडवायचे कसे

खिट्टी सोडवण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. ओढून, फिरवून, किंवा किल्लीने. यंत्र थांबवायच्या बटणाला फिरवायची पद्धत ठीक. पण काउंटरवर, काट्यावर, पंपावर किल्लीचेच घ्यावे. कारण समोरच्या दांडगटाला बटण दिसले तर तो फिरवून सोडवील आणि वर म्हणेल, "काही नाही, चुकून दाबलं गेलं."

किल्ली कुठे ठेवायची? बटणाजवळ नाही. रोखपालाच्या ड्रॉवरमध्ये तर मुळीच नाही. दरडावले की तो बिचारा काढून देईल. एक किल्ली सुरक्षा कार्यालयात, दुसरी सीलबंद पाकिटात वरिष्ठांच्या कपाटात. जो धावून येतो त्याच्या हातात किल्ली, हे सूत्र लक्षात ठेवावे. मात्र दोन्ही किल्ल्या हरवल्या तर बटण आतच राहील आणि पुढच्या वेळी उपयोगाला येणार नाही. म्हणून दर महिन्याला किल्ल्या मोजाव्यात.

दोन कामांची दोन बटणे, हेही पाळावे. यंत्र थांबवायचे बटण लाल, पिवळ्या पाट्यावर. मदत मागायचे बटण त्याच रूपाचे ठेवू नये. रंग वेगळा, वर मराठीत ठळक अक्षरांत 'मदत' असे लिहिलेले. घाईच्या वेळी माणूस वाचत बसत नाही, रंग आणि जागा ओळखतो. मदत मागायला गेला आणि मिल थांबली, किंवा मिल थांबवायला गेला आणि नुसताच भोंगा वाजला, असे होऊ नये.

जागा कशी ठरवावी

आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे. तार जिथून सोयीची जाते तिथे बटण लावायचे. तसे करू नये. आधी त्या खुर्चीत स्वतः बसावे. समोर कुणीतरी उभे राहावे. मग हात न ताणता, खांदा न हलवता, नजर समोर ठेवून हात कुठे पोचतो ते पाहावे. तिथे खडूने खूण करावी. त्या खुर्चीत रोज बसणाऱ्या माणसाला विचारावे. उंच माणसाची खूण ठेंगण्या माणसाला चालत नाही. दोन पाळ्यांत दोन वेगळी माणसे असतील तर दोघांनाही बसवून पाहावे.

टेबलाखालचे बटण गुडघा लागून दाबले जाणार नाही, झाडू लागणार नाही असे आत घ्यावे. काही बटणे दोन बोटांनी चिमटीत धरून दाबावी लागतात, म्हणजे चुकून वाजत नाहीत; टेबलाखाली ती बरी. जिथे 'हात वर' म्हटले जाण्याची भीती आहे तिथे पायाने दाबायची पट्टी मिळते. माझ्या त्या रोखपालांना पायाची पट्टी असती तर हात वर गेल्यावरही काम झाले असते.

भिंतीवरचे बटण दाराच्या मागे नको, कारण दार उघडे असले की ते झाकले जाते. पोत्यांची थप्पी लागते त्या भिंतीवर नको. आणि तिजोरीची खोली असेल तर त्या खोलीच्या आत एक बटण हवेच हवे. चोर पुष्कळदा माणसाला आत कोंडून बाहेरून कडी लावून जातात. चुकून दार लागूनही माणूस आत अडकतो. आतल्या माणसाला हाक मारायची सोय नसेल तर बाकीची सगळी बटणे त्याच्या काही कामाची नाहीत.

कारखान्यात बगॅसचा भुसा उडतो, मळीचा चिकटा असतो, धुराड्याची राख पडते, गंधकाच्या धुरीने तांबे हिरवे पडते, आणि फरशी धुताना पाण्याचे फवारे मारतात. तिथे घरगुती माल टिकत नाही. पेटीवर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसते. ऑफिसात इतके लागत नाही; मिल, बॉयलर आणि उघड्या यार्डात मात्र लागते.

तारेची गोष्ट: पाटाचे पाणी

आता थोडे विजेचे सांगतो. पण शेतकऱ्याला कळेल असेच.

तार जोडण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत तारेत एरवी प्रवाह नसतो. बटण दाबले की प्रवाह सुरू होतो आणि घंटा वाजते. दुसऱ्या रीतीत तारेत बारीकसा प्रवाह सदैव चालू असतो. बटण दाबले की तो तुटतो, आणि तुटला म्हणून घंटा वाजते.

दारे धरणाऱ्याचे उदाहरण घ्या. पाट कोरडा आहे आणि तुम्ही शेंड्याला उभे आहात. मध्येच कुठे पाट फुटला असेल तर तुम्हाला कसे कळणार? पाणी सोडाल तेव्हाच कळेल. पण पाटाला सतत थोडे पाणी चालू असेल, तर पाट फुटता क्षणी तुमच्या पायाशी पाणी थांबते आणि तुम्ही खोरे घेऊन निघता. तसेच हे. पहिल्या रीतीत गोदामात उंदराने तार कुरतडली तर ते कुणालाच कळत नाही. कळते ते नेमके प्रसंगाच्या दिवशी. दुसऱ्या रीतीत उंदराने तार तोडली की तेव्हाच घंटा वाजते. त्रास होतो खरा, पण तो योग्य वेळी होतो. धोक्याच्या बटणाला ही दुसरीच रीत वापरावी.

पण त्यातही एक फट आहे. दोन तारा तुटण्याऐवजी एकमेकींना चिकटल्या, तर प्रवाह मधल्यामध्येच फिरत राहतो आणि बटण दाबले तरी पेटीला पत्ता लागत नाही. यासाठी तारेच्या शेवटी एक छोटासा रोधक बसवतात. मग नेहमीचा प्रवाह, तुटलेला प्रवाह आणि चिकटलेल्या तारेचा प्रवाह हे तिन्ही पेटीला वेगवेगळे ओळखता येतात. हा रोधक बटणाच्या टोकाला बसवायचा असतो. आळशी वायरमन तो पेटीतच बसवून मोकळा होतो. त्याने दिवा हिरवा दिसतो, पण तारेची राखण होत नाही. काम ताब्यात घेताना हे उघडून पाहावे.

वीज १२ किंवा २४ व्होल्टचीच असावी. टेबलाखाली, माणसाच्या गुडघ्याजवळ २३० व्होल्ट नेऊ नयेत. तारा नळीतून न्याव्यात. गोदामात लोखंडी नळी, कारण उंदीर प्लास्टिकला जुमानत नाहीत.

बॅटरीविना हे सगळे व्यर्थ. भारनियमन असो की चोराने बाहेरची वीज तोडलेली असो, पेटी चालली पाहिजे. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि पेटी पाव अँपिअर घेते, तर कागदावर २८ तास होतात. बॅटरी जुनी झाली की निम्मेच धरावेत, आणि भोंगा वाजू लागला की त्याहून कमी. शनिवार-रविवार वीज नसली तर काय, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

बिनतारी बटणेही मिळतात. फिरत्या वॉचमनच्या गळ्यात ती सोयीची. पण त्यांच्या पोटात सेल असतो, तो संपतो. आणि पत्र्याच्या मोठ्या गोदामात त्यांचा संदेश अडखळतो. म्हणून घेण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात उभे राहून दाबून पाहावे.

भोंगा की गुपचूप

बटण दाबल्यावर आवाज कुठे व्हावा? सरसकट एक उत्तर नाही. जिथे शस्त्र घेऊन कुणी येण्याची भीती, तिथे खोलीत भोंगा वाजवू नये. दचकलेला माणूस काय करील याचा नेम नाही. तिथे निरोप गुपचूप गेटवर जावा. गेटवर दिवा लागावा, बझर वाजावा. जिथे यंत्राजवळ माणूस पडला, चक्कर आली, वाफ लागली, तिथे मात्र भोंगा तिथल्या तिथेच मोठ्याने वाजावा, म्हणजे जवळचे चार जण धावतील. काट्यावर आम्ही दोन्ही केले आहे: गेटवर बझर आणि काट्याच्या छपरावर फिरता दिवा.

गेटवर कागद लावलेला असावा, कुणी काय करायचे याचा. एकट्याने धावत आत शिरू नये, दोघांनी जावे. शस्त्र असल्याचा संशय आला तर आधी ११२ ला फोन करून लांबून पाहावे. पळणाऱ्याची वाट अडवून त्याला माणसांमध्ये कोंडू नये; पैसा परत मिळवता येतो. वेळ लिहून ठेवावी. गाडीचा नंबर दिसला तर तोही लिहावा. हा कागद पाळीच्या प्रत्येक माणसाला वाचून दाखवावा, नुसता चिकटवू नये.

बटण होते, पण दाबले नाही

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट.

मागे एका हंगामात, मध्यरात्रीनंतर, काट्यावर नंबरावरून वाद झाला. आमची एक ताई संगणकावर वजने घेत होती. चार-पाच जण खिडकीशी आले, मग दारातून आत आले. एक जण प्यालेला होता. त्याने टेबलावर दांडा आपटला. दहा मिनिटे हा प्रकार चालला. शेवटी एका वयस्कर मुकादमाने मध्ये पडून सगळ्यांना बाहेर काढले. ताईच्या हाताशी, अगदी वीतभर अंतरावर, चांगले किल्लीचे बटण होते. मी स्वतः बसवलेले. तिने ते दाबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "ताई, बटण का नाही दाबलंत?"

ती म्हणाली, "दादा, मागच्या महिन्यात माझ्याकडून चुकून दाबलं गेलं होतं. सगळी सिक्युरिटी पळत आली. सगळ्यांसमोर साहेबांची बोलणी खाल्ली. तेव्हाच ठरवलं, आता खरंच मार बसल्याशिवाय हात लावायचा नाही."

मी गप्पच झालो. माझी तार बरोबर होती, खिट्टी बरोबर होती, बॅटरी भरलेली होती. या वेळी बिघाड माणसांत होता. चुकून वाजलेल्या एका घंटेबद्दल आपण रागावलो आणि खरी घंटा बंद करून टाकली.

त्यानंतर कारखान्यात लेखी नियम झाला. बटण दाबणाऱ्याला, ते चुकून असो वा शंकेने असो, कुणीही जाब विचारायचा नाही. येणाऱ्याने पहिला शब्द "का दाबलं?" असा काढायचा नाही, "काय झालं, ठीक आहात ना?" असे विचारायचे. तेच बटण वारंवार चुकून वाजत असेल तर त्याची जागा चुकली आहे, माणूस नव्हे. विद्युत विभागाने जागा बदलून द्यायची. हा नियम झाल्यावर पहिल्या महिन्यात घंटा जास्त वेळा वाजली, हे खरे. पण त्यांतल्या एका वेळी पंपावरचा माणूस छातीत कळ येऊन खाली बसला होता. शंका वाटताच त्याने दाबले, म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचला.

आणि सभासद बंधूंनो, एक गोष्ट तुमच्याकडेही मागायची आहे. काट्यावर भांडणारे लोक परके नसतात. आपलेच वाहनमालक, आपलेच टोळीवाले, कधी आपण स्वतःही असतो. ऊस वाळत असतो, नंबर लागत नाही, डोके तापते. मी समजू शकतो. तक्रार शेतकी विभागाकडे जरूर करावी. पण त्या खिडकीमागे बसलेल्या माणसाने आपल्याला पाहून बटणाकडे हात न्यावा, असे आपण वागू नये.

दर महिन्याची तपासणी

बटण बसवले की काम संपले असे नाही. दर महिन्याला एक दिवस ठरवून हे करावे.

प्रत्येक बटण खरोखर दाबून पाहावे. नुसता हिरवा दिवा पाहून सही करू नये. बटणाचे डोके पुढे असते आणि विजेचा ठोकळा मागे बसवलेला असतो. कधी कधी हादऱ्याने ठोकळा मागून निसटतो. तेव्हा तारेतला प्रवाह चालूच राहतो, दिवाही हिरवाच राहतो, पण डोके दाबले तरी काही होत नाही. हा दोष दाबल्याशिवाय सापडत नाही.

दाबल्यावर गेटवर कोणता नंबर लागला ते पाहावे. काट्याचे दाबले आणि गेटवर पंपाचा दिवा लागला तर लोक भलतीकडे धावतील.

बाहेरची वीज बंद करून पुन्हा दाबावे, म्हणजे बॅटरी कळेल.

किल्लीने सोडवावे आणि सुटले याची खात्री करावी. तपासणीनंतर आतच राहिलेले बटण पुढच्या वेळी निरोप देत नाही.

महिन्याआड एकदा ही तपासणी रात्रपाळीत करावी. दिवसा सगळेच जागे असतात.

तारीख, वेळ आणि माणूस किती मिनिटांत पोचला हे वहीत लिहावे. बटणाच्या किमतीपेक्षा ही मिनिटे महत्त्वाची.

शेतावर एकटे असणाऱ्यांसाठी

रात्री विहिरीवर, मोटारीजवळ आपण एकटेच असतो. तिथे भिंत नाही, बटण नाही. पण खिशात फोन असतो. भारत सरकारने २०१६ साली नियम केला की, १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईल फोनमध्ये संकटाच्या बटणाची सोय असावी. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा, आणि मोठ्या पडद्याच्या फोनवर चालू-बंदचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे, असे त्यात ठरवले होते. पुढे काही फोनांत ही पद्धत थोडी बदललेली दिसते. म्हणून आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये आजच, घरी बसून, मुलाकडून किंवा नातीकडून पाहून घ्यावे. ११२ हा नंबर मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ असावा.

तुमच्या संस्थेत दरपत्रक आले तर कारखान्याच्या विद्युत विभागात दाखवायला आणा. ऑफ-सीझनमध्ये आम्हाला सवड असते. जागेवर येऊन खुर्चीत बसून खूणही करून देऊ. फक्त एवढेच करा की, बटण बसल्यावर पहिल्याच दिवशी ते तुमच्या रोखपालाला स्वतःच्या बोटाने दाबू द्या, आणि कोण किती वेळात धावून येते ते त्याच्या शेजारी उभे राहून पाहा. ज्याने एकदा हाक मारून माणूस आलेला पाहिला आहे, तोच पुढच्या वेळी हाक मारतो.